चार वर्षांच्या निलगिऱ्या

धर्मेंद्रने गिरमिट निलगिरीच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर टेकवलं आणि दोन्ही हातांनी फिरवायला घेतलं. हळूहळू, झाडाची माफी मागत असल्यासारखं. गिरमिट पोकळ होतं. सालीपासून गाभ्यापर्यंतच्या लाकडाची पेन्सिलीएवढी कांडी ते स्वतःत ओढून घेई.

"दुखत नसन का गा त्याले?" मागून रुखमाबाईने विचारलं.

"नाई मावशी."

"तुले काय मालूम. तुले थोडीच कोनी टोचून राहिलं."

खाप्याबाहेर, कन्हान नदीच्या अलीकडे, तिच्या तुकड्यावर बासष्ट निलगिऱ्या होत्या आणि त्यांच्यात ती एकटी. धर्मेंद्र एका कागद मिलचा लाकूड तपासनीस. वर्षातून एकदा नागपूरहून मोटरसायकलने येई. झाडांचं वय मालकाला विचारायचं आणि तेच फॉर्मात लिहायचं, अशी मिलची पद्धत होती. मिलला पाच-सहा वर्षांचं झाड लागे. त्याहून कोवळं असलं की लाकूड हलकं, लगदा कमी. त्याहून जून असलं की गाभा लाल आणि कडक. शिजवायला रसायन ढीगभर, आणि एवढं करून कागद मळकट तो मळकटच.

पहिल्या वर्षी रुखमाबाई म्हणाली, "चार वर्षांचे हायेत." ते खरं होतं. दुसऱ्या वर्षीही चारच म्हणाली. तिसऱ्याही. झाडं विजेच्या तारांच्या वर गेली, शेंड्यावर घारीने संसार थाटला, वय मात्र चारवरून हललं नाही. धर्मेंद्र निमूटपणे लिहून घेई, ‘पुढील वर्षी पाहावे’ असा शेरा मारी आणि ओट्यावर बसून तासभर चहा पिई. सात वर्षं हे बिनबोभाट चाललं.

यंदा मिलने फॉर्मला कांडी जोडायची अट घातली होती.

कांडी बाहेर आली. साल, मग दोन बोटं पांढुरकं लाकूड, आणि त्यापुढे सगळा विटेसारखा लाल गाभा. दोघंही जवळच्या कुणाचा एक्स-रे बघावा तशी बघत राहिली.

"हे चारचं नाई दिसत," धर्मेंद्र म्हणाला.

"उन्हानं काळं पडलं असन."

"आतून?"

रुखमाबाईने पदराने कांडी पुसून पाहिली. रंग गेला नाही.

"लहान सांगितलं म्हंजे कापाले येत नाई कोनी," ती म्हणाली.

"मंग मिलले सरळ नाई म्हनायचं ना. विकाचेच नाईत म्हनून."

"तसं म्हनली असती तं तू आला असता?"

धर्मेंद्रने गिरमिट पुसायला घेतलं. ते आधीच स्वच्छ होतं.

"आता या झाडाईचं नाव मिलच्या यादीतून कटन," तो म्हणाला. "वय उलटलं म्हनून."

"मंग इकडे चक्कर नाई तुयी."

"नाई."

तिने मान डोलावली आणि खाली सांडलेला भुसा पायाने उगाच एका जागी गोळा करत राहिली. धर्मेंद्रला नागपूरच्या सक्करदऱ्यातली आपली खोली आठवली. तिथला पंखा अख्ख्या इमारतीत सगळ्यात चकचकीत होता, कारण पुसायला वेळ भरपूर. गेल्या आठवड्यात त्याच्याशी सगळ्यात जास्त बोललेली बाई ऑफिसच्या लिफ्टमधली होती, आणि तीही फक्त मजल्यांचे आकडे सांगायची.

"बाकीचे एकसष्ट तं पाहिलेच नाई तू," रुखमाबाई म्हणाली.

"एकच पाहाचा नियम हाय."

"एका म्हाताऱ्याले पाहून सारं गाव म्हातारं म्हनशीन का गा?"

त्याने विचार केला. मिलमध्ये इतक्या वर्षांत एवढा मुद्देसूद प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याने फॉर्म गुडघ्यावर ठेवला, वयाचा रकाना कोरा सोडला आणि शेऱ्यात लिहिलं : ‘नमुना अपुरा. उर्वरित झाडे तपासणे आवश्यक.’

"काय लिवलं?"

"सगळे तपासा लागन. एका खेपेले एक झाड."

रुखमाबाईने झाडांच्या रांगेवरून नजर फिरवली. वर्षाला एक, म्हणजे एकसष्ट वर्षं. ती एकाहत्तरची होती, एकशेबत्तीसची होणार होती. धर्मेंद्र नव्याण्णवचा. मिल त्याला अठ्ठावन्नव्या वर्षी घरी बसवणार होती, एवढी एकच अडचण.

"चालते," ती म्हणाली. "मंग पुढच्या साली ये."

त्याने गिरमिट पिशवीत घातलं, पिशवी मोटरसायकलला अडकवली, काढली, पुन्हा अडकवली.

"रविवारी येतो," तो म्हणाला.

"रविवारी तं तुले सुट्टी राहते ना?"

"राहते."

रुखमाबाईने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. हसली नाही.

"उपाशीच येजो मंग," ती म्हणाली.