न दुखणारी गाठ

गुंजवण्यात म्हशीची कास कडक लागली की लोक आधी साळूबाईला बोलावत, मग जनावरांच्या डॉक्टरला. दगडी, म्हणजे कासेचा दाह, उतरायच्या आदल्या दिवशीच तिच्या बोटांना कळे. डॉक्टर नळीत दूध घालून जे शोधत, ते साळूबाई अर्ध्या कप चहावर सांगे. नियम साधा होता. हात लावल्यावर म्हैस लाथ झाडते, तर दुखणं. शांत उभी राहते, तर नुसती गाठ, सोडून द्या.

आखाडात लावणीचा चिखल धुताना त्याच बोटांना तिच्या स्वतःच्या डाव्या स्तनात हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. बोटांनी आपलं काम चोख केलं होतं. साळूबाईनं दाबून पाहिलं. दुखलं नाही, लाथ झाडावीशी वाटली नाही. नियमाप्रमाणं तिनं स्वतःला सोडून दिलं.

दिवाळीपर्यंत हरभऱ्याची सुपारी झाली, तेव्हा तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं. कुंडलिकनं दुखतं का विचारलं. न्हाई म्हणाली.

"मग?" कुंडलिक म्हणाला.

हा 'मग' तिच्या ओळखीचा होता. गेली तीस वर्षं हाच प्रश्न ती गावाला विचारत आली होती.

वैशाखात आरोग्य केंद्राची आशाताई मंगल बायकांच्या दुखण्यांच्या चित्रांचा तक्ता घेऊन देवळात आली. बायका जमल्या तसे पारावरचे चार म्हातारेही आत सरकले, देऊळ सगळ्यांचंच. मंगल गावची सून. सासऱ्यांसमोर तिनं पदर सावरला, तक्ता गुंडाळला आणि हात कसे धुवावेत ते शिकवलं. म्हाताऱ्यांना कार्यक्रम पसंत पडला. परतताना मात्र तिनं साळूबाईच्या हातात एक कागद कोंबला आणि 'मामी, घरी बघा' एवढंच म्हणाली.

कागदावर काखेतली गाठ होती, खळी पडलेली कातडी होती, आत ओढलेलं बोंड होतं. साळूबाईला आरशाची गरज पडली नाही. खाली छापलं होतं, सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. चौथी शिकलेल्या साळूबाईनं ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी एसटी धरली.

पुण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कधीपासून आहे ते विचारलं.

"चंद्री गाभण ऱ्हायली तवापास्नं. परवा व्याली."

बाईंना चंद्री म्हैस आहे हे कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी बोटांवर दहा महिने मोजले. घरात आणखी कुणाला होतं का, विचारलं.

"आईला. तिचीबी आधी दुखत नव्हती. श्येवटाला लई दुखली."

बाईंनी लिहिणं थांबवलं. तपासण्या झाल्या. आठ दिवसांनी कळलं, ते हाडांपर्यंत गेलं होतं. आता दुखू नये म्हणून औषध देता येईल, बरं व्हायची वेळ गेली, असं बाई हळू आवाजात म्हणाल्या.

साळूबाई घरी पोचली तर गोठ्यात धावपळ. चंद्रीची कास सकाळी कोमट लागली होती. कुंडलिकनं तेव्हाच फोन लावला होता आणि तासाभरात वेल्ह्याहून डॉक्टर मोटरसायकलवर हजर झाले होते. कुंडलिकनं तिला दवाखान्याचं काही विचारलं नाही. आधी कास बघ म्हणाला.

तिनं पिशवी खुंटीला लावली आणि हात लावला. चंद्रीनं लाथ झाडली.

"आजचीच हाय," साळूबाई म्हणाली. "वाचंल."

"काका, वेळेवर कळवलंत," सुई भरता भरता डॉक्टर म्हणाले. "एवढी काळजी कोण घेतं हल्ली?"

कुंडलिकनं मान डोलावली. हयगय त्याला खपत नसे. मग त्याची नजर कासेवरच थांबलेल्या तिच्या बोटांवर गेली, आणि खाली गेलेली मान पुन्हा वर आली नाही.