काळी वायर

पाय फळीला टेकवून तिनं पुन्हा दोरी ओढली. मोटरचं चाक नुसतं गरगरलं आणि थांबलं. ही बारावी खेप. तळहात लालबुंद झाले होते, आणि होडी दोन्ही काठांच्या बरोब्बर मधोमध नांगर टाकून उभी होती.

"मेलीला आजच मुहूर्त सापडला," ती म्हणाली.

"शिव्या खाऊन यंत्र चालत असतं तर मी केव्हाच श्रीमंत झालो असतो," पुढच्या फळीवरून सासरे म्हणाले. "प्लग काढ. करंट येतोय का बघू."

त्यांचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी निखळला तो धड बसलाच नाही. तेव्हापासून दोरी ओढायचं काम तिच्याकडे आलं होतं. दोरी तिची आणि अक्कल त्यांची, असा हा संसार होता. वल्हं एकच उरलेलं, तेही तडकलेलं, त्यामुळे वल्हवत जायचं नाव नको. आणि तिला अकराच्या आत पलीकडच्या पंपघरावर कागद घेऊन हजर व्हायचं होतं. नाही पोचली, तर नोकरी यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होती. नोकरीबरोबर राहायला एक खोलीही होती, आतून कडी लावता येईल अशी.

नवरा सहा वर्षांपूर्वी जहाजावर गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. सासऱ्यांनी त्याचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि सुनेला मोटर खोलायला शिकवलं. सासरा खाष्ट असता तर ती केव्हाच चालती झाली असती. या भल्या माणसाला सोडून जाववत नव्हतं, आणि त्याच्या उपकारांखाली तिचा जीव घुसमटायचा. नोकरीचं सांगितलं तेव्हाही ते "जा की," एवढंच म्हणाले होते, आणि ताटातलं निम्मं तसंच टाकून उठले होते.

प्लगची कड मोटरच्या अंगाला टेकवून तिनं दुसऱ्या हातानं दोरी ओढली. ठिणगी नाही.

"करंट नाही, आबा."

"प्लगच गेला असेल. नवा लाव."

नवा लावला. तरी नाही.

"मग पॉइंट. वरचं झाकण काढ."

झाकणाचे चार स्क्रू. त्यातला एक हातातून निसटून होडीच्या तळाच्या पाण्यात गेला. तो शोधायला दोघं गुडघ्यांवर बसली आणि कपाळाला कपाळ आपटलं. "शिंगं फुटतील, आणखी एकदा आपट," आबा म्हणाले, आणि अशातही तिला हसू आलं. मग पॉलिशपेपरची बारीक पट्टी घालून तिनं करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट घासले, त्यांच्या मधल्या फटीत पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून अंतर जुळवलं. वीस मिनिटं गेली. करंटचा पत्ता नाही.

"कॉइल तापली असेल," आबा म्हणाले. "गार होऊ दे. घाई करू नकोस."

"आबा, अकराला पोचायचंय मला."

"कॉइलला कुठे घड्याळ कळतं?"

ती मटकन खाली बसली. समोर मोटर उघडी पडली होती. झाकणाच्या बाहेरून, बंद करायच्या बटणाकडून आलेली काळी वायर पत्र्याच्या कडेवर घासत होती, आणि तिथलं आवरण निघून आतली तार पत्र्याला चिकटली होती. म्हणजे मोटर आपली बटण दाबल्यासारखीच बसून राहिलेली.

आबांचा पहिला धडाच हा होता. करंट नसेल तर प्लगलासुद्धा हात लावायचा नाही, आधी काळी वायर सोडवायची. दुसऱ्या कुणाची होडी अडकलेली दिसली की ते लांबूनच ओरडायचे, "अरे शहाण्या, आधी काळी वायर काढ!" आज त्यांनी प्लग सांगितला, पॉइंट सांगितले, कॉइल सांगितली.

तिनं पकड घेतली आणि वायर उपटून बाजूला केली. प्लग टेकवला, दोरी ओढली. टक्कन निळी ठिणगी पडली.

आबांना जराही नवल वाटलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं."

आबांनी नजर पाण्याकडे वळवली.

"होतं. आता बोलतो, मग बोलतो म्हणत राहिलो, पण जीभच उचलेना. तू गेल्यावर घरात मी आणि चार भिंती. चुकलंच माझं." मग त्यांनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "पण पोरी, तो धडा तुलाही पाठ होता की."

तिनं हातातल्या प्लगकडे पाहिलं. बारावी खेप ओढल्यावर तिची नजर त्या वायरवर गेली होती. गेली होती, आणि तिनं निमूटपणे प्लगचा पाना उचलला होता. त्या एकटीच्या खोलीची सकाळपासून तिला धास्ती वाटत होती. ती तिनं सासऱ्यांपासून लपवली होती, आणि स्वतःपासूनही.

घड्याळात साडेदहा वाजत होते. तिनं प्लग बसवला, झाकण लावलं, नांगर वर घेतला आणि सगळा जोर लावून दोरी ओढली. मोटर पहिल्या ओढीत सुरू झाली.

पंपघराचा पांढरा धक्का दिसू लागला तेव्हा आबा फळ्यांना धरत धरत मागे आले आणि तिच्या शेजारी बसले.

"वायर काढलीय. बटणानं बंद नाही व्हायची ही आता," ती म्हणाली. "काठाला लागलो की पेट्रोलची तोटी फिरवते."

"फिरवू नकोस. चालूच राहू दे. होडी धक्क्याला घासली की तू उडी मार, मी अशीच वळवून घरी नेतो." त्यांनी डावा हात सुकाणूच्या दांड्यावर ठेवला. "बंद केलीस तर मला दोरी ओढून कोण देणार?"

तिनं दांडा सोडला, कागदांची पिशवी छातीशी धरली आणि पुढच्या फळीवर जाऊन उभी राहिली.