पन्नास तांबे पाणी

दुसऱ्या माळेला काळटेकावर पाय ठेवायला जागा नव्हती. सिरसाळ्याजवळची आमची वाडी ती केवढी, पण आसपासच्या गावांतल्या बायका पाण्याचे तांबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. नवरात्रात टेकावरच्या ज्वालाई देवीला पाणी घालायची रीत जुनीच. नवा होता तो टेकाडाच्या माथ्यावरचा खड्डा. त्यात तांब्या ओतला की खालून फस्स आवाज यायचा, वरची काळी माती हलायची आणि भेगांतून वाफ उठायची. हात जवळ नेला तर चटका बसायचा.

खड्ड्याशी बंकटबाबा बसला होता. बाबा ही पदवी त्याला त्याच महिन्यात मिळाली होती.

"घाला पाणी, माय! ज्वालाई जागी झालीया! पायाखाली लाव्हा हाय, लाव्हा! खोटं वाटतंय? त्या सरालाच इचारा!"

तो सर म्हणजे मी. वाडीच्या शाळेत भूगोल शिकवतो. सातवीला मी हवाई बेटं रंगवून सांगितली होती. समुद्राच्या तळातून लाव्हा उसळतो, वाटेत येईल ते जाळतो, मग थिजतो आणि त्याच राखेमातीवर हिरवंगार रान उभं राहतं. जुन्या बेटांना लाटा झिजवत नेतात, तिकडे नवं बेट पेटलेलंच असतं. शेवटी, पोरांनी आ वासावा म्हणून, आपलं काळटेकही लाव्हाचंच, असं सांगितलं. ते वाक्य घरोघर गेलं आणि बाबानं आयतं उचललं.

"तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला," मी म्हणालो.

"थिजला न्हाई सर, निजला हुता!"

लोक खो खो हसले. गावपुढारी भगवानराव माझ्या खांद्यावर हात टाकून हळूच म्हणाले, "सर, बदली पायजे का?"

माझ्या नाकाला चुन्याचा वास आला होता. दिवाळीआधी घर पांढरं करायला आपण पिंपात कळीचा चुना भिजवतो, तेव्हा येतो तोच. मी ओळखलं होतं. सोमवारी शाळेत प्रयोग करून दाखवू, असं ठरवून मी गुमान खाली उतरलो. घाबरलो होतो म्हणा हवं तर. म्हणाच.

चौथ्या माळेला, रविवारी, संस्कृती आईबरोबर टेकावर गेली. सातवीतली माझी सगळ्यात हुशार पोरगी. त्या बेटांची अख्खी रांग तिनं वहीत काढली होती, सगळ्यात धाकट्याला लाल रंग दिला होता. लाव्हाचा खरा रंग बघायला ती खड्ड्यावर वाकली आणि त्याच वेळी कुणीतरी भरला तांब्या एकदम ओतला. उकळता चुना तिच्या तोंडावर उडाला.

तिची किंकाळी मला खाली रस्त्यावर ऐकू आली. मी धावत वर पोचलो तर ती जमिनीवर लोळत होती आणि आई सत्यशीला तिचे हात धरून बसली होती. भोवती निदान पन्नास बायका होत्या, प्रत्येकीच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या.

"डोळ्यात पाणी घाला! घाला पाणी!" मी ओरडलो.

"नगा, सर!" सत्यशीला लेकीवर आडवी पडली. "पाणी घातलं की खवळती ती! बगितलं न्हाई का तुमी? लेकराचे डोळे उकळतील!"

बाबा तिच्या डोळ्यांना अंगारा चोळत होता. किती वेळ चोळत होता कुणास ठाऊक. मी एकीच्या हातातला तांब्या हिसकावला, सत्यशीलाला ढकललं आणि ओतत राहिलो. दुसरा, तिसरा, दहावा. उशीर झाला होता. बीडच्या डॉक्टरांनी विचारलं, "जवळ पाणी नव्हतं का?" "पन्नास तांबे होतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी पत्र्याची बादली घेऊन टेकावर गेलो. भगवानराव आडवे आले नाहीत. खड्डा उकरला. वर चार बोटं काळी माती, खाली चुन्याच्या कळ्या. बाबाच्या आसनाखाली आणखी दोन पोती. चार कळ्या बादलीत टाकून तांब्याभर पाणी ओतलं. फस्स. वाफ.

"बादलीत बी आली माय..." बाबानं सुरुवात केली, पण या वेळी कुणी हसलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "आरं, ह्यो तर चुना! दर साली मीच भिजवते की!" बाबाला पोलीस घेऊन गेले. मला वास आधीच आला होता, हेही मी सगळ्यांसमोर जबाबात सांगितलं.

संस्कृतीचा उजवा डोळा गेला. डाव्याला फक्त उजेड कळतो. परवा तिच्या घरी गेलो. वही तिच्या मांडीवर होती आणि ती बेटांवरून बोट फिरवत होती.

"सर, तुमाला चुन्याचा वास आधीच आलता म्हनं?"

"हो."

"मंग त्याच दिशी काहून न्हाई बोललात?"

मी तिथंच रडलो आणि तीच मला गप्प करत राहिली.

म्हणून लिहितोय. डोळ्यात चुना गेला तर आधी पाणी, भरपूर पाणी, दवाखान्यात पोचेपर्यंत पाणी. खड्ड्यातून वाफ आली तर हात जोडण्याआधी माती उकरून बघा. आणि ज्याला कळलंय त्यानं सोमवारची वाट बघू नये. त्याच दिवशी, त्याच गर्दीत बोलावं. लोक हसतील, बदली होईल. होऊ द्या.