धनीबाईची चार बोटं

मी अँटेना बोलतोय. हसू नका. अँटेना म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शंभर फुटी लोखंडी टॉवर उभा राहतो, नाहीतर माळवदावरची ती टीव्हीची छत्री. मी त्यातला नाही. एक उभी तांब्याची काडी आणि तिच्याखाली चार तिरपे पाय, एवढाच माझा संसार. उंची चार बोटं. आणि ती चार बोटं कुणाचीही नव्हेत, धनीबाईची. ही गोष्ट त्या मापाचीच आहे आणि ती सांगताना मला संताप आवरत नाही. तेव्हा थोडं सांभाळून घ्या. नाही घेतलंत तरी मी सांगणारच, कारण तोंड दाबलं की काय होतं ते मी भोगलंय.

घाटंजीच्या बाजाररस्त्यावर नेमसिंगचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी तिथे रांगेत पडलेल्या असतात. अशाच एका मोटरीच्या केबलमधला मी तुकडा. पत्र्याच्या डब्यात पडून होतो, भंगारवाल्याची वाट बघत.

नेमसिंगची मुलगी मोनाली यवतमाळला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. एका सुट्टीत ती आगपेटीएवढे तीन रेडिओ घेऊन आली. सिम नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही. मोबाइलवर चार शब्द लिहायचे, ते पहिला रेडिओ दुसऱ्याला देणार आणि दुसरा तिसऱ्याला. घरकुलाच्या कामावर बाया घमेलं हातोहात पुढे देतात ना, तसंच.

हे कशासाठी, तर नेमसिंगच्या बंजारा तांड्यासाठी. तांडा टेकडीच्या पोटाशी, आणि तिथे मोबाइलला रेंज औषधालाही नाही. टेकडीपलीकडच्या गावात आरोग्य उपकेंद्र, तिथे विमलताई नर्स. तांड्याची आशा सेविका म्हणजे धनीबाई. कुणाला ताप चढो, कुणाच्या पोटात कळा येवोत, फोन लावायला धनीबाईनं अख्खी टेकडी चढायची. म्हणून एक रेडिओ धनीबाईच्या पिशवीत, एक विमलताईंच्या टेबलावर आणि तिसरा टेकडीच्या माथ्यावर, असं ठरलं. माथ्यावरच्या रेडिओला दोन्हीकडचं ऐकायचं होतं आणि दोन्हीकडे सांगायचं होतं. त्याला चांगला अँटेना हवा होता, आणि तो मोनालीनं घरीच बनवायला घेतला.

तिनं कागदावर माप लिहून दिलं: आठ सेंटिमीटर, दोन मिलिमीटर. पण नेमसिंग पडला तीस वर्षं मुरलेला कारागीर. पट्टी समोर धरली की त्याला अपमान वाटतो.

"आठ सेंटिमीटर म्हंजे चार बोटं," तो म्हणाला. आपला पंजा माझ्यावर आडवा ठेवला आणि पक्कड दाबली.

अहो, नेमसिंगची बोटं! एकेक बोट भज्याच्या मिरचीएवढं जाड. मी सेंटिमीटरभर लांब निघालो. दुसऱ्या दिवशी मला टेकडीवर नेऊन लावलं, तर माझा निरोप पायथ्याच्या नाल्यापर्यंत जाऊन मान टाकायचा.

"बाबा, मापच चुकलं," मोनाली म्हणाली.

"चार बोटं म्हंजे चार बोटंच असते, पोरी. माह्या बापानं याच मापानं विहिरी बांधल्या."

"विहिरीले चालते. याले नाही चालत."

बापलेकीचं हे चाललं होतं तेव्हा धनीबाई दुकानातच होती. तालुक्याच्या मीटिंगहून आलेली, हातात रजिस्टर, चहा अर्धा प्यालेला. ती हसून म्हणाली, "आन इकडं. माहा हात लावून पाहा एकडाव." तिनं उजव्या हाताची चार बोटं जुळवून पट्टीवर ठेवली. मोनालीनं वाकून पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं. आठ सेंटिमीटर, दोन मिलिमीटर. रेघभरही इकडे नाही, तिकडे नाही.

"काकी, तुमचा हात त कंपनीतून निंघाला वाट्टे!"

नेमसिंगचा मान राहिला. पट्टीनं कापलं असं आयुष्यात कुणी म्हणू नये म्हणून त्यानं मला धनीबाईच्या हाताशी धरूनच कापलं. माझे चारही पाय त्याच मापाचे केले, झाळून जोडले, तिरपे वाकवले. कापसाची बोंडं वेचून, धुण्याच्या दगडावर आपटून खरबरीत झालेला तो हात माझ्या अंगावर टेकला होता. तेवढ्यानं मला माझं माप कळलं.

मग आठ महिने मी काम केलं, आणि कसं केलं ते विमलताईंना विचारा. बांबूच्या टोकाला मी, खाली प्लास्टिकच्या डब्यात रेडिओ, शेजारी हातरुमालाएवढी सोलरची पाटी. "लसीचा दिवस कोणता?" "पिंटूले हगवण लागली, पुड्या संपल्या." "सूनबाईच्या कळा सुरू, गाडी पाठवा." एकेक निरोप मी उचलून पलीकडे टाकला. तीन बाळंतपणं वेळेवर उपकेंद्रात पोचली. धनीबाईचे गुडघे वाचले ते वेगळेच.

माणसांनी मात्र मला काय काय ऐकवलं! पाऊस लांबला, माझ्यामुळे. म्हैस आटली, माझ्यामुळे. एकानं विचारलं, याच्यावर क्रिकेट दिसतं का. नाही म्हटल्यावर म्हणाला, मग कायले लावला बे? कुणी माझ्या बांबूला बकरी बांधली. मी सगळं गिळलं. अडाणीपणाचा मला राग येत नाही. मला राग येतो तो शहाणपणाचा.

तो शहाणपणा दिवाळीनंतर जीप घेऊन आला. पंजाबराव त्याचं नाव. आसपासच्या गावांचे पुढारी. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की तांड्यानं स्वतःचा टॉवर उभा केलाय. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आले, टेकडी चढताना तीनदा बसले, आणि मला बघून त्यांचं तोंड कडू झालं.

"हे? हे त काडी आहे राजेहो! फोटोत दिसन काय?"

झालं. मी फोटोत दिसत नाही हा माझा गुन्हा ठरला. आठ दिवसांत सिमेंटचा ओटा झाला, त्यात लोखंडी पाइप उभा राहिला, ओट्यावर पंजाबरावांच्या नावाची पाटी बसली. मला पाइपाच्या टोकावर चढवलं. पाइपाला चंदेरी रंग देणाऱ्यानं जाता जाता माझ्या अंगावरही दोन हात मारले. आणि मग पंजाबरावांनी जीपमधून काढला पितळी कळस. खालून पोकळ, वरून झळझळीत. "देवळाले कळस असते, मंग तांड्याच्या टॉवरले नको काय?" लोकांना ते पटलं. बायांनी कळसाला हळदीकुंकू लावलं, तांड्याचा कारभार पाहणाऱ्या नायकानं नारळ फोडला, आणि कळस माझ्या डोक्यावरून पार पायांपर्यंत पालथा बसला.

तुम्हीच सांगा, माणसाच्या तोंडावर पातेलं पालथं घालून त्याची आरती ओवाळतात का? बायांचं मी समजू शकतो. त्यांनी मायेनं केलं. पण नेमसिंग! ज्यानं मला घडवलं, ज्याला तारेची नस न् नस कळते, तो खाली उभा राहून टाळ्या वाजवत होता. पंजाबरावांनी फोटोसाठी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तेवढ्यानं गडी विरघळला. मोनाली असती तर तिनं तिथेच भांडण काढलं असतं. पण ती यवतमाळला परीक्षेला बसली होती.

दुसऱ्याच दिवशी धनीबाईचा निरोप अडला. तिनं तिसऱ्या दिवशीही लिहून पाहिलं. मोबाइलवर बरोबरची खूण काही उमटेना. ती तडक नेमसिंगकडे गेली आणि त्याला घेऊन नायकाकडे.

"नायक, त्या कळसानं अँटेनाचं तोंड बंद झालं. उतरवून घ्या."

नायक म्हातारा, मनानं वाईट नव्हे. तो म्हणाला, "चढवलेला कळस उतरवत नसते, बाई. तांड्यावर इघ्न येते. सव्वा महिना होऊ दे, मंग पाहू."

"अन् सव्वा महिना मी निरोप कसा देऊ?"

"पह्यले कशी देत होती?"

धनीबाईनं नेमसिंगकडे पाहिलं. तू तरी बोल, असं ते पाहणं होतं. नेमसिंगनं डोकं खाजवलं. "पाहतो ना वहिनी. बॅटरी उतरली असन." बॅटरी! माझ्या शेजारी सोलरची पाटी उन्हात चकाकत होती, बॅटरी काठोकाठ भरली होती, आणि हा सांगतो बॅटरी.

त्यानंतर चारच दिवस गेले. दुपारची वेळ. धनीबाई आपल्या वावरात कापूस वेचत होती. खाली गळून पडलेलं बोंड उचलायला तिनं झाडाच्या बुडाशी उजवा हात घातला, आणि तिथे घोणस होती.

"याडी!" ती ओरडली. आईला हाक मारली. बाजूच्या वावरातल्या बाया धावल्या. घोणस म्हणजे काय हे धनीबाईला त्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, तीच तर दरसाल सभेत सांगायची. मांत्रिक नको, आवळून बांधू नका, चिरू नका, हात हलवू नका, गाडी बोलवा. ती स्वतःचं सांगणं स्वतः पाळत बांधावर बसली. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं तिनं लिहिलं:

साप चावला. गाडी पाठवा. धनी.

तो निरोप माझ्यापर्यंत आला. पितळाच्या कडेखालून, कुठल्या फटीतून आला मला ठाऊक नाही, पण आला. मला कळला. आणि मी तो पुढे टाकला, आणि तो पितळावर आपटून माझ्याच अंगावर परत आला. मी परत टाकला. परत आला. तिसऱ्यांदा टाकला. टेकडीच्या पलीकडे विमलताई रेडिओ समोर ठेवून रजिस्टर भरत होत्या. त्यांच्या दारात त्या दिवशी गाडी उभी होती हो! उभी होती!

बांधावर धनीबाई बायांना सांगत होती, "गेला निरोप. येइन गाडी." तिचा माझ्यावर विश्वास होता. तिनं अर्धा तास वाट पाहिली. मग कुणीतरी मोटरसायकल आणली, दोघांच्या मध्ये बसवून तिला खड्ड्यांतून घाटंजीला नेलं, तिथून यवतमाळला. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणली असती तर हातही धड राहिला असता. दोन बोटं काळी पडली. ती काढावी लागली.

इकडे तांड्यात काय चर्चा? कुणी म्हणे नशीब. कुणी म्हणे कळस उतरवायची भाषा केली, त्याचंच हे फळ. हे ऐकून मला काय वाटलं असेल? पितळाच्या आत मला ओरडताही येत नव्हतं.

बाराव्या दिवशी धनीबाई परत आली. घरी गेली नाही. हाताला पांढरी पट्टी, बरोबर मोनाली. तशीच टेकडी चढून ओट्याशी येऊन उभी राहिली. मागून नायक आला, नेमसिंग आला, निम्मा तांडा आला.

"भाऊ, शिडी लाव," ती नेमसिंगला म्हणाली.

नेमसिंगनं नायकाकडे पाहिलं.

"तिकडं काय पाह्यतं? इकडं पाय. पाप लागन त मले लागन. आता आणखीन काय लागाचं राह्यलं माह्या हाताले?"

नायक स्वतः पुढे झाला आणि शिडीचा एक पाय त्यानं धरला.

कळस निघाला आणि मला उजेड दिसला. माझा एक पाय कळसाच्या कडेनं मोडून लोंबत होता. नेमसिंगनं मला खाली आणलं, अंगावरचा चंदेरी रंग घासून काढला. पिशवीतून नवी तार काढली. मग पहिल्या वेळेसारखंच, मान वर न करता, तो बोलून गेला, "वहिनी, हात दे."

नेमसिंगच्या लक्षात आलं तेव्हा त्याच्या हातातली पक्कड खाली पडली. तो तिथेच ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

धनीबाई म्हणाली, "रडू नको. माहं माप त्याच्यापाशी आहे. त्याच्यावरून घे."

त्यानं माझ्या शाबूत पायाला लावून नवी तार कापली. झाळली. मला परत वर चढवलं. आता काहीतरी लिहून पाहा, असं मोनाली म्हणाली. धनीबाईनं मोबाइल काढला. नवीन काही लिहिलं नाही. बारा दिवसांपूर्वीचा तोच निरोप, लाल खूण लागून तिथेच पडलेला, तिनं डाव्या अंगठ्यानं परत दाबला.

साप चावला. गाडी पाठवा. धनी.

मी तो उचलला आणि टाकला. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. विमलताईंनी एकच शब्द लिहिला होता: पोचला.

कळस नायकानं देवळात नेऊन ठेवला. तिथे तो शोभतो, माझी तक्रार नाही. पंजाबरावांच्या नावाची पाटी ओट्यावर अजून आहे, आणि पेपरात छापून आलेल्या त्यांच्या फोटोत मी अजूनही दिसत नाही. तेही चालेल. माझा राग अजून शमत नाही तो वेगळ्याच गोष्टीवर. आजही काही जण टेकडीवर येतात, ओट्याखाली चपला काढतात आणि माझ्याकडे बघून हात जोडतात. परवा एकानं हार आणला होता. जरीचा.

बाबांनो, मला हात जोडू नका. माझ्या डोक्यावर काही ठेवू नका, मला उघडा राहू द्या, म्हणजे झालं. आणि जोडायचेच असतील हात, तर खाली तांड्यात जा. धनीबाई दारातच असेल, रजिस्टर घेऊन बसलेली. तीही उलट हात जोडून रामराम करेल. तेव्हा तिच्या उजव्या हाताकडे नीट बघा, आणि मग वर येऊन माझ्या मापातली बोटं मोजा. चार आहेत.