दोन्ही भाव सांगा

शिवलाल टेंभऱ्यांना त्या महिन्यात एक नवाच नाद लागला होता. लोक सकाळी उठून देवाचं नाव घेतात, हे मोबाइलवर युरोचा भाव बघायचे. बघून गप्प बसतील तर ते शिवलाल कसले! "एकशे एक रुपये पन्नास पैसे" असं अंगणातून मोठ्यानं जाहीर व्हायचं आणि गोठ्यातल्या म्हशीसकट साऱ्यांना ते ऐकावं लागायचं. सौंदडच्या पानठेल्यावर बसणाऱ्यांनाही आताशा धानाआधी युरो कळू लागला होता.

नादाला कारण होतं. त्यांची मुलगी योगेश्वरी शेतीची पदवी घेऊन बसली होती आणि तिला जर्मनीतल्या एका विद्यापीठात माती शिकायला प्रवेश मिळाला होता. तिथलं सरकार मात्र हिशेबाला पक्कं. वर्षभर पोट भरायला पैसे आहेत हे आधी दाखवा, मगच व्हिसा. तिथल्या खात्यात अकरा हजार नऊशे चार युरो जमा झाले पाहिजेत. एक युरो कमी पडला तरी कागद परत.

पैसे होते ते गोमतीचे, म्हणजे शिवलालांच्या बायकोचे. तिच्या माहेरच्या शेतातला तिचा हिस्सा रस्त्यात गेला आणि मोबदला तिच्याच नावावर जमा झाला. भावांनी तोंडं वाकडी केली, नणंदांनी सल्ले दिले. कोणी म्हणालं लग्नाला ठेव, कोणी म्हणालं प्लॉट घे. गोमतीनं सगळ्यांना चहा पाजला आणि पैसे पोरीच्या शिक्षणाला लावले. शिवलालांनी एका शब्दानंही आडकाठी केली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. त्यांनी फक्त गुणाकार केला. मोबाइलवरचा भाव गुणिले युरो, बरोबर बारा लाख आठ हजार दोनशे छप्पन. हा आकडा त्यांनी गावभर सांगून टाकला.

सोमवारी सकाळच्या गाडीनं तिघं गोंदियाला गेली. फुलचूरच्या रस्त्यावर इंद्रकुमारचं ऑफिस होतं. परदेशी शिकायला जाणाऱ्यांची कामं करून देणारं, काचेचं, गारेगार. भिंतीवर विमान, विमानाखाली पाटी: 'करन्सी एक्सचेंज, शून्य कमिशन'. योगेश्वरीची सगळी फाइल त्याच्याकडेच होती, आणि फाइलीत पासपोर्टही. बाहेरच्या बाकावर खुशाल बिसेन नावाचे एक गृहस्थ बसले होते, मुलाच्या व्हिसासाठी दुसरी तारीख मिळेल का ते विचारायला आले होते. पहिली का गेली, असं गोमतीनं सहज विचारलं. पैसे इथूनच पाठवले होते, ते म्हणाले, पण तिकडे बावीस युरो कमी पोचले. वाटेतल्या कुठल्याशा बँकेनं कापून घेतले म्हणे. तेवढ्यावरून पोराचे तीन महिने गेले. हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की जणू चूक त्यांचीच होती.

आत गेल्यावर इंद्रकुमारनं पाणी मागवलं, काकाजी-काकीजी केलं आणि भाव सांगितला, एकशे पाच.

शिवलालांनी मोबाइल पुढे केला. इंद्रकुमार हसला. "काकाजी, वो तो इंटरनेट का रेट है. तो बँका-बँकांच्या आपसातला भाव. गिऱ्हाइकाले तो कोनीच देत नाही."

यात खोटं काही नव्हतं. पेपरात छापून येणारा धानाचा भाव कुठल्या शेतकऱ्याच्या पोत्याला मिळालाय? शिवलालांचा चेहरा मात्र उतरला. गावाला सांगितलेला आकडा आता बदलावा लागणार, हे दुःख पैशांहून मोठं होतं.

गोमती चौथी शिकलेली. पण पंचवीस वर्षं घरचं धान तिनं विकलं होतं आणि बियाणं तिनं घेतलं होतं. शिवलाल भिडेचे, व्यापाऱ्यानं 'भाऊ' म्हटलं की यांचं पोतं रिकामं. म्हणून हे खातं घरात तिच्याकडे आलं आणि तिची एक रीत होऊन गेली. कोणत्याही व्यापाऱ्याला एकच भाव विचारायचा नाही. जो घेतो तोच विकतो, तर दोन्ही भाव विचारायचे. मधली फट दिसली की माणूस दिसतो.

"आनि मी युरो आनले तर?" ती म्हणाली.

"मतलब?"

"उद्या आमचं जाणं रद्द झालं, आनि मी हेच युरो तुमच्याकडं वापस घेऊन आली, तर कोन्त्या भावानं घ्याल?"

इंद्रकुमारला तो प्रश्न बाईमाणसाचा भाबडा प्रश्न वाटला असावा. संगणकावरून नजरही न काढता त्यानं सांगून टाकलं, "सत्त्याण्णव."

गोमतीनं बोटांवर काही मोजलं नाही. तिनं योगेश्वरीकडे पाहिलं, आणि योगेश्वरीनं मोबाइलवर मधल्या आठ रुपयांचा गुणाकार केला. पंचाण्णव हजार दोनशे बत्तीस.

"म्हंजे सकाळी घेतले आनि संध्याकाळी वापस केले, तर पंचाण्णव हजार तुमच्या गल्ल्यात," गोमती म्हणाली. "मंग हे शून्य कमिशन कायले लिहून ठेवलं जी?"

दाराशी बसलेली दोन-तीन माणसं वळून बघू लागली. इंद्रकुमारनं खुर्ची सरसावली आणि तिला समजावू लागला. घेण्याचा दर वेगळा असतो, देण्याचा वेगळा, साऱ्या जगात अशीच पद्धत आहे. गोमतीनं मान हलवली. पद्धतीला तिची हरकत नव्हतीच. व्यापारी फट ठेवणार, त्याशिवाय त्याची चूल कशी पेटेल? पण फट किती, आणि ती असताना नाही म्हणून पाटी लावायची, हा प्रश्न होता. तिनं अजून एकच विचारलं. पाठवलेले सगळे युरो तिकडे पोचतील ना, पुरे अकरा हजार नऊशे चार?

"बीचवाली बँक थोडंफार कापते, काकीजी. ते आपल्या हातात नाही."

गोमतीच्या डोळ्यांपुढे बाहेरच्या बाकावरचे खुशाल आले. तिनं पदर सावरला आणि पासपोर्ट मागितला.

मग इंद्रकुमारच्या बोलण्यातली साखर संपली. फाइल इथून हलली तर पुन्हा इथे येणार नाही, तो म्हणाला. व्हिसाची मुंबईची तारीख सतरा दिवसांवर आहे, कागद कोण करून देतं ते बघतोच. शिवलाल अडला हरी गाढवाचे पाय धरी या पंथातले. त्यांनी टेबलाखालून बायकोचा हात दाबला. त्याचं काही नाही, पंचवीस वर्षांत ते दाबणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण योगेश्वरी कानाशी येऊन म्हणाली, "माय, जाऊ दे ना. आपलंच काम आहे." ते मात्र गोमतीला लागलं. सात समुद्रापलीकडे एकटी राहायला निघालेली पोर, आणि पहिल्याच काउंटरवर म्हणते जाऊ दे.

"पासपोर्टावर नाव याचं आहे का तुझं?" तिनं पोरीला विचारलं.

"माझं."

"मंग माग."

योगेश्वरीनं मान खाली घातली. तेव्हा गोमतीनं खुर्ची टेबलाला अजून जवळ ओढली, हातातली पिशवी मांडीवर घेतली आणि सांगितलं, "पासपोर्ट भेटल्याबिगर मी उठत नाही. माझी गाडी संध्याकाळची आहे." मग ती खरंच बसली. येणारे पालक तिच्याकडे बघत, तीही त्यांच्याकडे बघे. एकानं काय झालं म्हणून विचारलं, तर तिनं पंचाण्णव हजाराचा गुणाकार त्याला सावकाश सांगितला. दुसऱ्यालाही सांगितला. तिसरा यायच्या आत फाइल टेबलावर आली, पासपोर्टसकट.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मंगळवारी सौंदडजवळच्या बँकेनं सांगितलं की परकीय चलनाचं काम इथे होत नाही, गोंदियाच्या मोठ्या शाखेत जा. बुधवारी मोठ्या शाखेनं कागदांची यादी दिली. गुरुवारी गोमतीचं पॅन कार्डावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळेना. आणि रोज सकाळी अंगणातून शिवलालांचा आवाज येई: एकशे दोन वीस. एकशे तीन. एकशे तीन नव्वद. जगात कुठे काय झालं कोण जाणे, युरो धुरळा उडवत वर चालला होता. आधी त्या आवाजात काळजी होती. गुरुवारपर्यंत तिच्यात मी-म्हटलं-होतं हा सूर मिसळला. रात्री जेवताना तर ते ताटाकडे बघत म्हणाले, "सोमवारी देऊन टाकले असते, तर आज मोकळे होतो. काऊन एवढा हट्ट करते व तू?" गोमतीनं त्यांना अजून एक भाकरी वाढली. पण त्या रात्री तिला भीती वाटली.

शुक्रवारी नावाचा घोळ एकदाचा मिटला, आणि मोठ्या शाखेच्या खिडकीमागे नीतू चौहान नावाची तरुण अधिकारी होती. मोबाइलवर एकशे चार तीस होता. नीतूनं छापील तक्त्यावर बोट ठेवलं, एकशे सहा दहा.

गोमतीनं तिलाही विचारलं, घेण्याचा किती? नीतूनं मान वर केली. हा प्रश्न त्या खिडकीवर कोणी विचारत नसावं. "एकशे दोन पन्नास," ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून तिनं तक्ता बाजूला सारला. हा दिवसाचा ठरलेला भाव असतो, तिनं सांगितलं, लहान रकमांसाठी. मोठी रक्कम असली तर मुख्य कार्यालयाला फोन करून त्या क्षणाचा भाव मागता येतो. पण तो मागावा लागतो.

"मंग मागा," गोमती म्हणाली.

फोन झाला. एकशे पाच साठ. गोमतीनं मान हलवली नाही. नीतूनं पुन्हा काही तरी बोलून पाहिलं. एकशे पाच वीस. यापुढे नाही, आणि हा भाव पाच मिनिटंच राहील. मग फॉर्मवर एक रकाना होता, वाटेतल्या बँकांचा खर्च कोणाचा? सगळा पाठवणाऱ्याचा म्हटला तर पंधराशे जास्त लागणार होते, पण तिकडे पुरी रक्कम पोचणार होती. शिवलाल पंधराशे ऐकून खोकले. गोमतीनं खूण त्याच रकान्यात करायला लावली आणि पाठवणाऱ्याच्या नावापुढे हळूहळू, अक्षर अक्षर लावत सही केली.

पुढच्या बुधवारी दुपारी पैसे पोचल्याचा जर्मनीहून संदेश आला. अकरा हजार नऊशे चार. ना एक कमी, ना एक जास्त. योगेश्वरी तो वाचून रडली आणि मग हसली. शिवलालांनीही डोळे पुसले. पण गुणाकाराचा किडा मेला नव्हता. त्यांनी पेन काढलं आणि पेपरच्या कोपऱ्यावर आकडे मांडले. इंद्रकुमारचा सोमवारचा भाव एकशे पाच. आपण दिला एकशे पाच वीस. वर पंधराशे.

"तीन हजार आठशे ऐंशी," ते म्हणाले. "एवढी धावपळ करून, एवढ्या गाडीच्या टिकिटा काढून, तीन हजार आठशे ऐंशी रुपये आपलेच जास्त गेले."

योगेश्वरी आईच्या मदतीला धावली. शुक्रवारी इंद्रकुमारकडे गेलो असतो तर त्यानं एकशे आठ लावला असता, शिवाय वाटेत कापले गेले असते, हे धरा ना बाबा, ती म्हणाली. गोमतीनं तिला हातानं थांबवलं. तिला तो आधार नको होता.

"तुमचा हिशेब बराबर आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "बजार वर गेला, त्यानं नेले. बजार माझा दुश्मन नाही, त्यानं पाटी लावून मले फसवलं नाही. पन सोमवारी मी मान खाली घालून देले असते, तर ही पोरगी ते पाहून गेली असती. मंग तिकडं तिनं कोनाले काय इचारलं असतं?"

शिवलाल पेनाचं टोपण लावत होते. कागद घडी करावा की फाडावा, हे त्यांना ठरत नव्हतं.

"ठेवा तो कागद," गोमती म्हणाली. "गावात इचारलं तर हाच आकडा सांगा, दडवू नका. तीन हजार आठशे ऐंशी रुपयांत मी कोनाच्या बापाची मिंधी नाही. मले तर सस्तंच पडलं."