पुलापलीकडची मावशी

बाहेर स्वयंपाकघरात डब्याचं झाकण फरशीवर पडलं, गरगर गरगर फिरलं आणि शेवटी टणकन आडवं झालं.

तोवर खोलीत चिडीचूप होतं. कपाट आणि पलंगाच्या सापटीत कोंबलेलं टेबल, आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत ठोसलेला टॉवेल, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर सोळा वर्षांची एक मुलगी. आल्यापासून नखाजवळची सालं काढत गप्प बसलेली. आवाजानं ती दचकली आणि मग चक्क हसली.

"ताई, तुमच्याकडेपण भांडी फेकतात?"

"फेकत नाहीत गं. पाच वर्षांचं एक वादळ आहे घरात, त्याच्या हातून पडतात."

"मग बरंय."

हसली, म्हणजे दार किलकिलं झालं. आता आपण गप्प बसावं, पोरगी आपणहून बोलेल, हे समुपदेशक बाईला पक्कं ठाऊक होतं. पण मुलीच्या मागची भिंत नेहमीची नव्हती. पोपटी होती. आणि पडद्यावरून काम करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. काही बरंवाईट झालं तर मदत कुठे पाठवायची, हे माहीत हवं. शिवाय बाईचा परवाना प्रांताच्या हद्दीपुरता. हद्दीबाहेरच्या मुलाशी बोलायला बंदी.

सवयीनं तोंडातून गेलंच. "आत्ता कुठे आहेस, बाळा?"

मुलगी "घरी" म्हणाली असती तर विषय मिटला असता. पण वर्षभर हीच बाई तिला सांगत आली होती, इथे खोटं बोलावं लागत नाही.

"मावशीकडे. पुलापलीकडे. काल बाबांनी... आई म्हणाली, चप्पल घाल, निघायचं. ताई, मला ते सगळं सांगायचंय."

पूल हीच हद्द. "एक मिनिट हं," म्हणत बाईनं आपला आवाज बंद केला आणि मोठ्या मॅडमना फोन लावला. परवान्यांचं सगळं त्याच बघत.

"आजचं थांबव," मॅडम म्हणाल्या. "मावशीशी बोलून घे, तिकडचा मदतीचा नंबर दे. तिकडच्या कुणाकडे तरी तिचं नाव टाकू."

"आणि तो 'कुणीतरी' कधी मिळणार?"

"महिनाभर तरी धर."

"मॅडम, पोरगी नदी ओलांडून गेली. तिची भीती काय अलीकडच्या काठावर बसून राहिली?"

"ओरडू नकोस. नियम मी नाही केले."

"कुणीच करत नाही! आभाळातून पडतात ना नियम! तिनं खरं सांगितलं, म्हणून तिचंच तोंड बंद करायचं?"

"तुझा परवाना गेला तर तुझ्या बाकीच्या पोरांनी कुणाच्या दारात जायचं, तेवढं सांग. मग खुशाल बोल तिच्याशी."

मॅडमचं खरं होतं, आणि म्हणूनच बाईचा जास्त तिळपापड झाला. फोन तिनं पलंगावर असा भिरकावला की उशीनं झेलला म्हणून वाचला.

मावशी पडद्यावर आली. भली होती, घाबरलेली होती. नंबर लिहून घेतला, "नजरेआड होऊ देणार नाही" म्हणाली. मग मुलगी पुन्हा समोर बसली.

"मी 'घरी' म्हणायला हवं होतं ना?"

"नाही गं राणी. तुझं काहीच चुकलं नाही."

"पण बोलता येणार नाही."

"माझ्याशी नाही. थोडे दिवस... दुसरं कुणीतरी..."

"कळलं." ती रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. शहाण्यासारखी मान हलवून म्हणाली, "पुढच्या वेळी घरीच म्हणेन."

पडदा काळा झाला. वर्षभर थेंब थेंब साठवलेला विश्वास एका प्रश्नात सांडला होता, आणि प्रश्न बाईचाच होता. बाईनं लॅपटॉप दाणकन मिटला. नियमावर, मॅडमवर, मॅडमच्या खरेपणावर, त्या नतद्रष्ट पुलावर आणि मुलीच्या बापावर, सगळ्यांवर दातओठ खात तिनं लाथेनं टॉवेल उडवला आणि दार उघडलं.

दारातच लेक उभी, बहुधा आईच्या मघाच्या ओरडण्यापासूनच. झाकण पोटाशी धरलेलं. मागे आजोबा पेपर तोंडावर घेऊन झोपेचं सोंग करत होते.

"आई, झाकण मी पाडलं. आजोबा म्हणाले, मांजराचं नाव सांग. पण मी खरं सांगितलं."

बाई खाली बसली. लेकीला जवळ ओढून तिच्या केसांत तिनं तोंड खुपसलं. साबणाचा वास होता, बिस्किटाचा होता. राग हळूहळू उतरायला लागला.

"शहाणं गं माझं ते."

"खरं सांगितलं की तू रागवत नाहीस ना?"

"कधीच नाही."

लेकीनं झाकण खाली ठेवलं आणि आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मग लॅपटॉपमधल्या त्या ताईनं खरं सांगितलं, तर तिचं तोंड का बंद केलंस?"