अयाम्पोकाचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे, भिंत घोटायचा. मुठीत मावेन एवढा, काळसर आणि एका अंगाने लख्ख गुळगुळीत. सध्या माझा मुक्काम कोंबड्यांच्या खुराड्यापाशी असतो. वाऱ्याने दार उघडू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवले आहे. कोंबड्या माझ्यावर काय काय करतात, ते सांगत नाही.

मला नदीने घडवले. उन्हाळ्यात ती कोरडी पडली की घानाच्या आमच्या उत्तरेकडच्या गावांतल्या बायका पात्रात उतरून दगड शोधत. अयाम्पोका तेव्हा नवी नवरी होती. ती डोळे मिटून एकेक दगड हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. तिची थोरली जाऊ अलामिसी उन्हात उभी राहून कंटाळली.

"अगं, दगड निवडतेस की नवरा?"

"नवरा निवडायला कुठं मिळाला, जाऊबाई? दगड तरी निवडू दे."

मग तिच्या तळव्यात मी आलो आणि तिची बोटे आपोआप मिटली. त्या मुठीत माझे सारे चांगले आयुष्य गेले.

सुगी संपली की आमच्याकडे भिंतींचे काम निघते. पुरुष भिंत उभी करतात, तिला रूप देतात त्या बायका. शेण-मातीने सारवायचे, गेरूची लाल, खडूची पांढरी आणि कुटलेल्या काळ्या दगडाची काळी नक्षी काढायची आणि ओल असेपर्यंत दगडाने घोटत राहायचे. वर शेंगांच्या टरफलांचा काढा शिंपडला की भिंत चामड्यासारखी चमकते. अयाम्पोकाने कधी दोरी लावली नाही की वीत मोजली नाही. ती भिंतीसमोर शेंगदाणे चघळत नुसती बसायची. बाकीच्या बायका कुरकुरायच्या, "झालं, हिची भिंतीशी गप्पाष्टकं सुरू झाली." मग ती एकदम उठायची आणि पहिली रेघ ओढायची. ती रेघ बघून कुरकुरणाऱ्या बायका गप्प व्हायच्या. आसपासच्या गावांतून तिला बोलावणी येत. माझेही कौतुक होई. लोक मला उचलून बघत आणि म्हणत, "या दगडात काहीतरी आहे हं." दगडात काही नव्हते, मित्रांनो. ते त्या हातात होते.

तोच हात चुलीपाशीही होता. बाजरीचे घट्ट पीठ शिजले की नाही, हे ती पळीच्या आवाजावरून ओळखायची. पाहुणा हसत आला तरी तो उपाशी आहे, हे तिला कळायचे. कसे कळते, ते मात्र तिला सांगता येत नसे.

एकदा ती अलामिसीला म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या पोरीच्या तळव्यांचा रंग मला बरा दिसत नाही. दवाखान्यात न्या."

अलामिसीने नेले, पण उशीर झाला होता. पोर गेली.

त्या वर्षी अलामिसीने आपल्या खोलीला रंग लावू दिला नाही. "मला नको नक्षी. कुणासाठी काढायची?" अयाम्पोकाने वाद घातला नाही. तिने भिंत कोरीच ठेवली. फक्त खाली, अलामिसी जिथे पाठ टेकून बसायची तिथे, हातभर रुंद काळा पट्टा सारवला आणि मला फिरवत तो दिवसभर घोटला. त्यावर एकही रेघ काढली नाही. संध्याकाळी अलामिसी येऊन बसली. तिने पाठ टेकली, आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदाच ती पोटभर रडली. अयाम्पोका शेजारी बसून राहिली. माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम कोणते विचाराल, तर मी तो पट्टा सांगेन.

वर्षे गेली. अयाम्पोकाचा नवरा वारला. मुलगा अकोल्गो कुमासी शहरात राबून, चार पैसे गाठीला बांधून परत आला. आईवर त्याचा फार जीव. तिला सुख द्यायचे म्हणून त्याने घराच्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला.

"आई, आता दरवर्षी गुडघे मोडायला नकोत. आयुष्यभर बघायला नको या भिंतीकडे."

अयाम्पोकाने भिंतीवर तळवा ठेवला. मग मला मुठीत घेऊन हलकेच फिरवले. मलाही ते खटकले. आत माती होती, पण तिचा श्वास लागत नव्हता.

"अकोल्गो, ही भिंत गुदमरतीय रे. लारिबाला या खोलीत नको निजवू."

लारिबा म्हणजे त्याची लेक, आजीची सावली.

"भिंत गुदमरतीय?" अकोल्गो हसला, पण त्याचे तोंड उतरले होते. "मी एवढं केलं, आणि तुला त्यात खोटच दिसली?"

"खोट नाही रे बाळा. मला बरं वाटत नाही, एवढंच."

"का बरं वाटत नाही, ते सांग."

तिला सांगता आले नाही. सून अदिसा पुटपुटली, "दुसऱ्याचं चांगलं झालेलं कुणाला बघवतं?" अयाम्पोकाने ते ऐकले.

पावसाळ्यात सिमेंटला चिरा गेल्या. पाणी आत शिरले आणि आतच राहिले. बाहेरून भिंत ठणठणीत दिसत होती. एका सकाळी ती आत निजलेल्या लारिबावर कोसळली. लारिबा वाचली, पण तिचा एक पाय कायमचा अधू झाला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता तरी लोक म्हणाले असतील की म्हातारीचे ऐकायला हवे होते. तसे झाले नाही. एवढे मोठे दुःख घरात आले की लोकांना ते कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायचे असते. अकोल्गोच्या डोक्यावर ठेवणे जड होते. त्याने प्रेमाने केले होते. मग अंगणात जमलेल्या बायकांत अलामिसी बोलली.

"माझ्या पोरीच्या वेळीही ही असंच म्हणाली होती. हिनं म्हटलं आणि झालं. तोंडच वाईट आहे हिचं."

अयाम्पोका भिंतीच्या ढिगाऱ्यापाशी उभी होती. ती जावेकडे बघत राहिली. मी मुठीत होतो, ती मूठ थंडगार पडली.

त्यानंतर तिला कुणी भिंतीला बोलावले नाही. पोरांचे चेहरे बायका पदराआड झाकू लागल्या, हिची नजर पडू नये म्हणून. शेवटी अकोल्गो जमिनीकडे बघत म्हणाला, "आई, थोडे दिवस मामाकडे राहून ये."

"थोडे म्हणजे किती, ते मला कळतंय," ती म्हणाली. "हे कसं कळलं, ते तरी तुला समजावून सांगायला नको."

जाताना तिने मला लारिबाच्या हातात दिले. ती दिसेनाशी होताच अदिसाने मला पोरीच्या हातातून काढून घेतले. "त्यांच्या हातचं काही नको घरात." आणि मी खुराड्यापाशी आलो. अयाम्पोका परत आली नाही, भावाच्या घरीच वारली. निरोप आला तेव्हा अदिसा मका सोलत होती. तिने सोलणे थांबवले, मग पुन्हा सुरू केले. अकोल्गो खुराड्यामागे येऊन रडला, कुणाला दिसू नये म्हणून.

परवा त्याने बाजारातून पाण्यासाठी मोठा मातीचा रांजण आणला. सगळे कौतुकाने भोवती जमले. लारिबा लंगडत आली. तिने रांजणाच्या कडेवर बोटे ठेवली, कान लावला, आणि तिचा चेहरा बदलला. ओठ हलले.

"काय गं?" अदिसाने विचारले.

पोरीने आईकडे पाहिले, बापाकडे पाहिले.

"काही नाही," ती म्हणाली. "छान आहे."

मित्रांनो, मी दगड आहे. मला उठून तिच्यापाशी जाता येत नाही. तुम्हाला येते. तुमच्याही घरात कुणी तरी असेल, ज्याला एखादी गोष्ट आधी जाणवते आणि कारण नंतर सापडते, किंवा सापडतच नाही. त्याला हसू नका. ते माणूस 'काही नाही' म्हणाले, तर पुन्हा एकदा विचारा. आणि ते पुन्हा 'काही नाही' म्हणाले, तरी लगेच उठून जाऊ नका.